पोरगी न्यायला आलोय

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुलिंब होता. गेल्या वर्षी कॉलनीने तो तोडला, कारण त्याच्या फांद्या नव्या कॅमेऱ्याच्या आड येत होत्या. मीटिंगमध्ये हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले, मीही केला. झाड काय, पुन्हा लावता येतं, चोर दिसला पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं.

पटायला कारणही होतं. त्याआधीच्या थंडीत समोरच्या वहिनी दिवेलागणीला दळण घेऊन येत होत्या. मोटारसायकलवरून दोघं आले. मागे बसलेल्याने दवाखान्याचा पत्ता विचारला. वहिनी अशा, की पत्ता विचारला तर दारापर्यंत सोडून येतील. त्यांनी डबा कमरेवर घेतला, रस्ता दाखवायला हात वर केला आणि त्याने मंगळसूत्राला हिसका दिला. जुनी, जाड घडण, लगेच तुटेना. वहिनी गाडीबरोबर ओढल्या गेल्या. आवाज ऐकून मी बाहेर धावले तेव्हा त्या रस्त्यावरच बसलेल्या होत्या, भोवती सगळं पीठ, आणि गळ्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होत्या, "मी त्याला पत्ता सांगत होते हो." गळ्यावरचा व्रण अजून आहे. चोर अजून सापडलेले नाहीत.

तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या त्या चांगल्या वस्तीची झोप उडाली. बायकांनी सोनं लॉकरात टाकलं आणि गळ्यात एक ग्रॅमची पोत घातली. मी तर एवढी भित्री झाले, की खोट्या पोतीवरूनही पदर लपेटून घ्यायला लागले. खरी-खोटी चोराला काय लांबून कळणार? ओढायची तो ओढणारच. कॉलेजच्या ऑफिसातून अंधार पडायच्या आत घरी पोचावं म्हणून साहेबांकडे लवकर निघायची परवानगी मागितली. ओळखीच्या रस्त्यावर मागून गाडीचा आवाज आला तरी हात आपोआप गळ्याशी जायचा. दिवाळीत माहेरी फोन केला तेव्हा चुलतभावाच्या बायकोशी हे सगळं बोलले. "हितं लय भ्या वाटतं गं आता," असं काहीतरी म्हणाले असेन. माहेरचं माणूस फोनवर आलं, की माझी भाषा आपोआप कवठे महांकाळला जाऊन बसते.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. कॉलनीने त्यांना सुरक्षा समितीचं प्रमुख केलं आणि आमच्या घरात शिट्टी आली. गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी, चेहऱ्यावर सीमेवर निघाल्याचा भाव. मी हसायचे, पण हे फाटकाबाहेर गेल्यावर कडी दोनदा ओढून बघायचे. समितीचा मोबाइलवर ग्रुप झाला. सुरुवातीला त्यात दिवे बंद असल्याच्या तक्रारी यायच्या. मग हळूहळू मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज यायला लागले.

कुणाचं पोर खरंच गेलं, असं मी तरी सांगलीत ऐकलं नाही. पण रोज एक फोटो यायचा. कधी साधूंचा, कधी भंगार गोळा करणाऱ्या बायकांचा, कधी नुसत्याच एका घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्याचा. खाली लिहिलेलं असायचं, 'काल सांगलीत पकडले, सर्वांनी सावध राहा.' एकदा साताऱ्याहून नणंदेने तोच फोटो मला पाठवला. माणूस तोच, पाठीमागची भिंत तीच, फक्त खाली साताऱ्याचं नाव होतं. मी तिला फोन करून सांगितलं, "अहो वन्सं, हा आमच्याकडे परवाच पकडला होता." त्या म्हणाल्या, "सुटून इकडे आला असेल." मी फोन ठेवला.

तो दिवस उजाडला तेव्हा हे साताऱ्यालाच होते, नणंदेकडे, भाचीच्या लग्नाच्या बोलणीसाठी. शिट्टी त्यांनी जाताना मेडिकलवाल्या भाऊंकडे दिली होती. मी ऑफिसातून नेहमीप्रमाणे लवकर आले, चहाचं आधण ठेवलं आणि माहेराहून चुलतभावाचा फोन आला.

"आक्का, तात्या पोचलं का?"

"कुठं?"

"तुज्याकडं. सकाळच्या एस्टीनं मिरजंला गेल्यात. तितनं तुज्याकडं यायचं म्हनत हुतं. मुराळी म्हनून."

मला हसू फुटलं. मुराळी! सासरी नांदणाऱ्या मुलीला सणासुदीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. माझी दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला, माझ्या केसांना दर महिन्याला रंग लागतो, जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि मला न्यायला मुराळी!

पण तात्या असेच. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यांच्या पाठचा भाऊ म्हणजे तात्या. माझं लग्न जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, पाण्याच्या भागात झालं. दारापर्यंत ऊस, दुभती जनावरं, सोप्यावर टेबलफॅन. आम्ही पूर्वेकडचे, मेंढरांमागे फिरणारे, कोरड्या रानातले. पहिल्या पंचमीला तात्या मला न्यायला आले ते घोंगडी, पागोटं आणि जाड वहाणा घालून. सोप्यावर बसायला सांगितलं तरी उंबऱ्याशीच टेकले. सासऱ्यांनी विचारलं, "काय पाव्हणं, काय काम काढलं?" तेव्हा तात्या म्हणाले, "पोरगी न्ह्यायला आलोय." आमच्याकडे मुराळ्याने असंच म्हणायचं असतं. पहिली काही वर्षं ते दर पंचमीला आले, दर वेळी तेच वाक्य, आणि मी आत माजघरात ते ऐकलं, की चूल सोडून उभी राहायची. त्या घरात कुणीतरी मला पोरगी म्हणतंय, एवढ्यानेच मला रडू यायचं.

तात्यांच्या पिशवीत कायम गोळ्या आणि बिस्किटांचे पुडे. रस्त्यात, एस्टीत, कुणाच्या ओट्यावर लहान पोर दिसलं, की हात पिशवीत गेलाच. कुणाचं पोर, कुठल्या गावचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"मोबाइल दिलाय का त्यांच्याजवळ?" मी भावाला विचारलं.

"घेत्यात व्हय ते? म्हनलं, पोरीचं घर ठावं हाय मला. लिंबापस्नं तिसरं."

माझं हसू तिथंच थांबलं. तात्या आमच्या या घरी एकदाच आले होते, वास्तुशांतीला. तेव्हा या माळावर मोजकी घरं होती आणि गल्लीच्या तोंडाशी तो लिंब. आता लिंब नव्हता. मी भावाला म्हटलं, थांब, मी बघून येते, आणि तेवढ्यात कानाला लावलेला मोबाइल थरथरायला लागला. ग्रुपवर मेसेज येत होते.

पहिला फोटो कॅमेऱ्यातला होता, वरून काढलेला. पागोटं, घोंगडी, खांद्याला पिशवी. खाली लिहिलं होतं, 'हा कोण आहे? मघापासून याच गल्लीत फेऱ्या मारतोय.'

'रेकी करतोय.'

'शाळेच्या गाड्या यायची वेळ झाली आहे.'

'कुणीतरी जा लवकर.'

मग, 'पकडला.'

मग, 'पिशवीत मोठी कातर आहे. गोळ्या-बिस्किटं पण आहेत.'

मग, 'पोरगी न्यायला आलोय असं स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय.'

फोटोतला चेहरा दिसत नव्हता. पण हे वाक्य या जगात आता एकच माणूस म्हणत होता. घाईत भलतीच अक्षरं उमटत होती. 'थांबा, तो माझा चुलता आहे,' एवढं कसंबसं लिहिलं. ते वर सरकून गेलं. त्याच्याखाली धडाधड मेसेज, 'सोडू नका', 'आधी हात मोकळे करून घ्या', 'पोलीस नंतर'. मेडिकलवाल्या भाऊंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. तसाच गॅस बंद केला आणि पळाले. पायात एक चप्पल माझी आणि एक ह्यांची होती, हे नंतर कळलं.

गल्ली काही लांब नाही, पण त्या दिवशी ती संपेना. पुढे शिट्टी वाजत होती. शेजारच्या गल्लीतली माणसंही त्याच दिशेला धावत होती. एक तरुण मला ओलांडून जाताना म्हणाला, "काकू, घरात थांबा, चोर सापडलाय." मला ओरडायचं होतं, पण धाप लागली होती. डोक्यात एकच चाललं होतं. आपल्याच भागात मागे लोकांनी भलत्याच माणसांना कसं झोडपलं होतं, त्याचे व्हिडिओ मी याच मोबाइलवर पाहिले होते. तात्यांचं वय बघता त्यांना दोन फटकेही पुरले असते.

मी पोचायच्या आधी काय झालं ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. कॅमेरा मोबाइलवर दिसतो, तिथला पहिला फोटो त्यांनीच ग्रुपवर टाकला होता. तात्या गल्लीच्या तोंडाशी वर बघत उभे होते. भाऊंनी दरडावून विचारलं, "कुणाकडे आलायस?"

"पोरगी न्ह्यायला आलोय."

"कुठली पोरगी?"

तात्यांनी माझं नाव सांगितलं. त्या नावाची ना कुणी बाई कॉलनीत होती, ना मुलगी.

"तुझी पोरगी आहे?"

"न्हाई. भावाची."

"भाऊ कुठाय?"

"गेला की. लय वर्सं झाली."

"मग घर कुठलंय तिचं?"

"हितं लिंब हुता. लिंबापस्नं तिसरं घर."

"लिंब कुठाय?"

"त्येच हुडकतोय की मघाधरनं."

एकही उत्तर खोटं नव्हतं आणि प्रत्येक उत्तराला माणसं आणखी जवळ सरकत होती. मग पिशवी उलटी केली. त्यातून एक हिरवा खण पडला, गुळाच्या पोळ्यांचं फडकं पडलं, गोळ्या, बिस्किटं आणि मेंढरांची लोकर कापायची लोखंडी कातर. ती त्यांनी मिरजेत धार लावून घेतली होती. कातर बघून एक बाई किंचाळली. तात्या घाबरले, की त्यांच्या तोंडात आजीची भाषा येते. आमची आजी पलीकडची, कर्नाटकातली. ते "यप्पा, यप्पा" म्हणत हात जोडायला लागले, तसं कुणीतरी ओरडलं, "बघा, बाहेरच्या राज्यातली टोळी आहे!" भाऊंनी तेव्हा पहिली थोबाडीत मारली.

मी गर्दीत घुसले तेव्हा तात्या कॅमेऱ्याच्या खांबाला पाठ लावून उभे होते. पागोटं खाली पडलेलं, कानशील लाल, ओठातून रक्त. लहानपणापासून मी त्यांना उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. समोर एक मुलगा होता, कमरेचा पट्टा काढून त्याने मुठीला गुंडाळला होता. तो आमच्या कॉलनीतला नव्हता.

"सोडा त्यांना," मी म्हटलं. "ते माझे चुलते आहेत."

"काकू, बाजूला व्हा."

"अहो, ऐका माझं..."

"मॅडम, तुम्ही घाबरू नका," भाऊ म्हणाले. "त्याने धमकी दिलीय का तुम्हाला? हा तर कुठलंतरी भलतंच नाव सांगतोय."

मी ऑफिसात बोलते तशी बोलत होते, अहो-जाहो, शुद्ध, नीटनेटकी. त्या भाषेत माझा आणि या माणसाचा काही संबंध असेल हे कुणाला खरंच वाटत नव्हतं. पट्टा गुंडाळलेल्या मुलाने हात वर केला आणि माझ्या आत काहीतरी सुटलं.

"आरं मुडद्या, हात लावून तर बघ!" मी तात्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. "माज्या बापाच्या पाठचा हाय त्यो! मला न्ह्यायला आलाय, मला! पोरगी म्हंजी मी! तुमी मला म्हातारी म्हना, मॅडम म्हना, त्येच्यासाठी म्या पोरगीच हाय!"

इतक्या वर्षांत कॉलनीने माझ्या तोंडून ही भाषा ऐकली नव्हती. भाऊ माझ्याकडे बघतच राहिले.

"पण नाव..." ते म्हणाले. "तुमच्या दारावर तर वेगळं नाव आहे."

"लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव ल्हिवलं. तात्यांनी म्हायेरचं सांगितलं, तुमी सासरचं हुडकलं. तुमच्या मंडळींचं न्हाई बदललं व्हय?" आणि मग त्या पट्टा गुंडाळलेल्या मुलाकडे वळले. "आन् तू रं? तुज्या आईचं म्हायेरचं नाव काय? सांग."

तो भाऊंकडे बघायला लागला.

"सांग की. उद्या तिचा भाव तिला हुडकत आला, तर त्येला कुनाच्या दारात सोडशील?"

त्याने मान खाली घातली. ते नाव त्याला खरंच ठाऊक नसावं. मुठीचा पट्टा सोडून तो हळूच गर्दीच्या मागे गेला. मी खाली वाकून पागोटं उचललं. ते सोडवून पुन्हा बांधायचं कसं, मला येत नव्हतं. नुसतंच त्यांच्या डोक्यावर ठेवलं. तात्यांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे असं, की बोटं रुतली.

"तूच हायस न्हवं?" ते म्हणाले. "चुकलो बाई. लिंबच न्हाई."

तेवढ्यात पोलिसांची मोटारसायकल आली. कुणीतरी फोन केला होता म्हणून बरं. हवालदार बरा माणूस होता. त्याने आधी गर्दी मागे सारली, तात्यांना पाणी पाजलं, मग सगळं विचारून घेतलं. "आजोबा, तक्रार द्यायची आहे का?" तो म्हणाला.

"कुनावर?" तात्यांनी विचारलं.

हवालदाराने सगळ्यांकडे बघितलं. सगळे दुसरीकडे बघत होते. मला द्यायची होती तक्रार, नावानिशी, एकेकावर. पण तात्या म्हणाले, "नगं बाई. घरी चल," आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, ओठ पुसला, हळद लावली. ह्यांचा साताऱ्याहून फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, "मी असतो तर असं होऊ दिलं नसतं." मी म्हटलं, "तुम्ही असता तर शिट्टी तुम्ही वाजवली असती." बोलले ते बोलले, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

थोड्या वेळाने वहिनी आल्या, हातात फडक्यात बर्फ घेऊन. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. तात्यांनीच त्यांना बोलावलं. त्यांची नजर वहिनींच्या गळ्यावर गेली.

"मानंला काय झालं गं बाई?"

वहिनींनी सांगितलं. दळण, मोटारसायकल, पत्ता, सगळं. सांगता सांगता त्या रडायला लागल्या. "बाबा, तुम्ही वर बघत फिरत होता, आणि मला एकदम तेच आठवलं. माझ्यामुळे झालं हे."

"त्यो गावला का?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तसंच व्हतंय. त्यो गावला न्हाई, म्हनून मी गावलो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं आम्ही सगळेच शाळेत शिकलेलो. पण संन्याशाने फाशी देणाऱ्याची अशी समजूत काढलेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि खरं सांगते, मला तात्यांचाच राग आला. इतकं कशाला समजून घ्यायचं माणसाने? वहिनी गेल्यावर मी तसं बोललेसुद्धा. ते बर्फ गालाला धरून बसून राहिले.

"पण आज मधेच कशाला आला तुमी?" मी विचारलं. "ना पंचमी, ना जत्रा. आधी फोन तरी करायचा."

तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूच म्हनालीस की दिवाळीत, सूनबाईजवळ. शेरात चोर लय झाल्यात, भ्या वाटतंय. तवापस्नं डोक्यात हुतं. म्हनलं, पोर भ्याली हाय. चार दिस घरी आनावं. आपल्या तितं कोन हाय चोरायला?"

मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. चहाचं आधण तसंच पडलं होतं, ते ओतून टाकलं आणि नवीन ठेवलं.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, 'आजच्या घटनेत गैरसमज झाला. तरीही सर्वांनी दाखवलेल्या दक्षतेबद्दल आभार.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. तात्यांच्या गालाचं कुणी काही लिहिलं नव्हतं. मी ग्रुप सोडला. आणि जेवायला बसायच्या वेळी ह्यांचा पुन्हा फोन आला, आवाज अगदी पडलेला. नणंदेच्या मोबाइलवर आत्ता एक फोटो आला होता. पागोटं, घोंगडी, खांबाला टेकलेला म्हातारा. 'आज साताऱ्यात पकडला, पोरगी न्यायला आला होता, सर्वांनी सावध राहा.' आधी ह्यांनाही ओळख पटली नव्हती. वन्संनी तो तोवर पुढे पाठवूनही टाकला होता.

मला त्या रात्री झोप आली नाही. तात्यांचा चेहरा आता कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणाच्या खिशात गेला असेल याला काही धरबंध नव्हता. मी ठरवलं होतं, सकाळी गाडी करून त्यांना पोचवायचं. पण तात्या ऐकेनात. "मुराळी म्हनून आलोय. एस्टीनं आलो, एस्टीनंच न्हेनार." मी दोन साड्या पिशवीत टाकल्या, त्यांचा हिरवा खण वर ठेवला आणि निघाले. फाटकाशी भाऊ उभे होते. "बाबा, रिक्षा बोलवू का?" म्हणाले. तात्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी भाऊंकडे बघितलंसुद्धा नाही. आज इतके दिवस झाले, अजूनही नीट बघता येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी तात्या क्षणभर थांबले. डांबराच्या कडेला लिंबाचा बुंधा अजून आहे, जमिनीच्या बरोबरीने कापलेला. तो त्यांनी आदल्या दिवशी बघितला नव्हता. वहाणेने त्यावरची माती जरा बाजूला केली आणि पुढे निघाले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायचे तसंच.

मिरजेहून एस्टी मिळाली. गर्दी होती, पण जागा मिळाली. तात्या खिडकीशी, मी कडेला. मी बसल्या बसल्या सगळ्यांचे हात बघत होते. कोण मोबाइलमध्ये बघतंय, बघून मग आमच्याकडे बघतंय का. पलीकडच्या बाकावरच्या एका माणसाने तात्यांकडे दोनदा पाहिलं. मी पदर सारखा करून मध्ये पुढे झुकून बसले. त्याचा थांबा येऊन तो उतरेपर्यंत तशीच बसले.

पुढच्या बाकावर एक बाई होती आणि तिच्या खांद्यावरून एक लहान मुलगी मागे वळून आमच्याकडे टकामका बघत होती. नाकात शेंबूड, डोक्यावर लोकरीची टोपी. तात्या तिच्याकडे बघून हसले. तीही हसली. तात्यांचा हात पिशवीत गेला, पुड्याचा कागद चुरचुरला, आणि तसाच थांबला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग हात रिकामाच बाहेर काढला आणि घोंगडीखाली घेतला.

"द्या की तात्या," मी म्हटलं.

"नगं," तात्या म्हणाले. "लोकं हायती."